दंड भरला, शिक्षा कुणाला?

नव्वदच्या दशकात एका औद्योगिक वसाहतीतल्या बँकेच्या शाखेत मी कर्ज विभाग सांभाळत होतो. एका रसायन कारखान्याच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करायचे होते. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात, वीज आणि वाहतूक यांच्या खाली, खर्चाची एक ओळ होती: ‘दंड’. मी अकाउंटंटला विचारले, “दंड होणार हे तुम्हाला वर्षभर आधीच कसं ठाऊक?” ते हसून म्हणाले, “साहेब, सांडपाण्याची यंत्रणा चालवण्यापेक्षा हा स्वस्त पडतो.” मला त्यांच्या चोख हिशेबाचे कौतुक वाटले. परतफेडीची क्षमता उत्तम होती. मी शिफारस लिहून सही केली.

त्या ओळीची पुन्हा आठवण झाली ती ७ जून २०१० रोजी. त्या दिवशी भोपाळच्या न्यायालयाने वायुकांडाचा फौजदारी निकाल दिला. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीच्या सात हयात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद आणि सुमारे एक लाख रुपये दंड झाला, आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कंपनीला दंड झाला सुमारे पाच लाख रुपये. सरकारी हिशेबानेही मृतांची संख्या पाच हजारांवर आहे. भागाकार करायची माझी जुनी सवय; माणशी शंभर रुपयेही पडले नाहीत.

१९८९ मध्ये ठरलेली ४७ कोटी डॉलरची भरपाई वेगळी. भरपाई म्हणजे नुकसानीचा मोबदला, शिक्षा म्हणजे गुन्ह्याचा जाब. तो जाब द्यायला अमेरिकेतली मूळ कंपनी भोपाळच्या न्यायालयात आलीच नाही. तिचे तेव्हाचे अध्यक्ष वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४ मध्ये अटक होऊन जामिनावर सुटले, मायदेशी गेले आणि खटल्यासाठी न परतता २०१४ मध्ये वारले.

दंड एवढा क्षुल्लक कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आरोप निष्काळजीपणाच्या कलमावर आणून ठेवला होता आणि त्या कलमात कमाल कैदच दोन वर्षांची होती. पण मूळ अडचण आणखी खोल आहे. आपला फौजदारी कायदा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीही येते असे तो म्हणतो. पण कंपनीला कोठडीत कसे घालणार? जिथे कैद सक्तीची आहे तिथे कंपनीवर खटलाच चालू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले. म्हणजे गुन्हा जितका गंभीर, तितकी कंपनी निर्धास्त! २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे उलटे गणित सुलटे केले. कैद शक्य नसली तरी खटला चालेल आणि दंड होईल, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची कमाल कैद साधारणपणे पाच वर्षे झाली. कंपनीच्या वाट्याला मात्र मुख्यतः दंडच राहिला.

मग दंड जबर करा, असे कुणीही म्हणेल. त्यालाही दुसरी बाजू आहे. जबर दंडाची झळ भागधारकाला लागते, आणि म्युच्युअल फंडात पैसे ठेवणारे तुम्ही-आम्हीही भागधारकच. कंपनी बुडाली तर कामगार रस्त्यावर येतो. आर्थर अँडरसन ही अमेरिकेतली हिशेब तपासणाऱ्यांची मोठी पेढी २००२ मध्ये दोषी ठरली आणि मोडली. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली, तोवर पेढी उरलीच नव्हती.

तेव्हा प्रश्न रकमेपुरता नाही. शिक्षा त्या खुर्चीपर्यंत पोहोचली पाहिजे, जिथे निर्णय झाला. भोपाळमध्ये त्या रात्री विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, निसटलेला वायू जाळणारा मनोराही बंद होता. यंत्रे आपण होऊन बंद राहत नाहीत. ती बंद ठेवणे कुणाला तरी परवडते. बँकेत कर्ज बुडाले की ‘जबाबदारी निश्चित करा’ असा हुकूम येतो आणि कागदावरची प्रत्येक सही तपासली जाते. माणसे मेल्यावर तरी याहून कमी तपास का व्हावा?

वाटा नाहीत असे नाही. ब्रिटनने २००७ मध्ये कंपन्यांकडून होणाऱ्या मनुष्यवधाचा कायदा केला. वरिष्ठांनी कारभार कसा चालवला हे तिथे पाहिले जाते. दंडाला मर्यादा नाही. चूक दुरुस्त करण्याचा आणि स्वतःचा गुन्हा जाहीर करण्याचा हुकूमही कंपनीला देता येतो. आपल्याकडेही २०२३ च्या दुरुस्तीने स्पर्धा कायद्यातला दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीशी जोडला. बाजारातल्या लबाडीला जी फूटपट्टी चालते, ती माणसांच्या मृत्यूला का चालू नये?

त्या कारखान्यामागचा नाला तांबूस वाहायचा. बस पकडायला आम्ही रोज त्याच्यावरच्या पुलावरून जायचो, नाकाला रुमाल लावून. त्या पाण्याचा आणि माझ्या टेबलावरच्या त्या एका ओळीचा संबंध मी तेव्हा जोडला नाही. कर्ज वेळेवर फिटले. फाइलवर माझा शेरा आहे: ‘खाते समाधानकारक’.

आज सांगतो, तो शेरा चूक होता. जी रक्कम वर्षभर आधी खर्चाच्या रकान्यात लिहून ठेवता येते, तिला शिक्षा म्हणत नाहीत. ती परवान्याची फी असते.