तीस पॉइंट आणि सोयाबीनमधली घोणस

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडला माझा दवाखाना आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. या नियमाबद्दल डॉक्टर मंडळी कुरकुर करतात. मी करत नाही. एकदा एमबीबीएस झालं की मरेपर्यंत कोणी काही विचारणार नाही, हे रुग्णाच्या जिवावर बेतणारं आहे. ब्रिटनमध्ये 2012 च्या डिसेंबरपासून दर 5 वर्षांनी डॉक्टरच्या कामाचा हिशेब होतो. सहकाऱ्यांचं आणि रुग्णांचंही मत घेतात. आपल्याकडे मोजली जाते ती मुख्यतः हजेरी.

हे पॉइंट मिळवायला आमच्याकडच्या डॉक्टरांनी परिषदेला जायचं म्हणजे अकोला, अमरावती, नाहीतर नागपूर. रविवार, हॉटेलचा हॉल, बाहेर औषध कंपन्यांचे स्टॉल. रजिस्टरवर सही झाली की अर्धं काम झालं. जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. विषय रोबोटने बदललेल्या गुडघ्याचा. ऐकायला छान वाटतं, नाही असं नाही.

पण जुलैत माझ्यासमोर येतो तो सोयाबीन निंदताना घोणस चावलेला माणूस. त्याचं रक्त साध्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग नळी तिरपी करून बघायची. गोठलं नसेल तर प्रतिविष सुरू. पैसे जवळपास शून्य, पण नळी प्लास्टिकची घेतली की निकाल फसतो. ऑगस्टमध्ये फवारणीची विषबाधा: बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस. ॲट्रोपिन किती द्यायचं आणि छातीतली घरघर ऐकून थांबायचं केव्हा, हे हात बसल्याशिवाय येत नाही. शेजारच्या यवतमाळात 2017 साली फवारणीने शेतकरी दगावले, तरी यावरचा रविवार क्वचितच निघतो.

महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि तो 'लॅन्सेट'ने छापला. ते शिक्षण खाटेशेजारी झालं. सहीच्या रजिस्टरात ते कुठल्या रकान्यात बसवणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात 10 सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत आपलं वाशिमही आहे. तिथे महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी बसावं. सर्पदंश, विषबाधा, बाळंतपण यांत गेलेला प्रत्येक रुग्ण नाव झाकून चर्चेला यावा: वाटेत किती वेळ गेला, पहिलं इंजेक्शन कधी पडलं, कोण कुठे चुकलं. कारंजा-मानोऱ्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ड्युटी सोडता येत नसेल तर त्याने मोबाइलवरून सामील व्हावं. कंपनीचा पैसा मात्र एक रुपयाही नको. चहा आम्ही वर्गणीतून पिऊ.

या बैठकीला कौन्सिलने मान्यता द्यावी आणि 30 पैकी निदान 15 पॉइंट अशाच कामातून मिळवण्याची सक्ती करावी. येत्या पावसाळ्याआधी सुरुवात करता येईल.