भिजवलं सगळ्यांनी, वाळवलं कोणी?

मंडळी, या वेळचा विषय ऐकून सूनबाई हसल्या. "बाबा, दाढीच्या ब्रशवर लेख?" हो, दाढीच्या ब्रशवरच. फेसाचा डबा दाबून दोन मिनिटांत मोकळे होणाऱ्यांनी तो सोडून दिला तरी माझा राग नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रशचं वाटोळं होतं ते दाढी करताना नव्हे, दाढी झाल्यानंतर. भिजवण्याबद्दल जो तो बोलतो, वाळवण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या अण्णांचा ब्रश डुकराच्या राठ केसांचा होता. (हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही, नाहीतर ब्रश घराबाहेर गेला असता आणि पाठोपाठ अण्णाही!) बंबातलं पाणी पितळी वाटीत घ्यायचं, ब्रश त्यात उभा करायचा आणि तोवर पेपराचं पहिलं पान वाचायचं. चार-पाच मिनिटं. डुकराचा केस जाड आणि ताठ. त्यात पाणी मुरायला तेवढा वेळ लागतोच. नवा ब्रश पहिले काही आठवडे टोचतो, मग टोकं चिरली जाऊन मऊ होतो. बॅजरच्या केसांना मिनिट-दोन मिनिटं पुरतात. नायलॉनच्या धाग्यात पाणी मुरतच नाही, तो ओला केला की झालं. पाणी मात्र हाताला सोसेल इतपतच कोमट हवं, उकळतं नको. आणि केसांपुरतंच. तो झुबका मुठीच्या खोबणीत चिकटवलेला असतो. तिथे तासन् तास पाणी राहिलं की चिकटवलेलं सुटतं, लाकडी मूठ असेल तर फुगून तडकते.

आता हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण.

लातूरला आमचा दादा गेली दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पण रोज सकाळी दाढी हवी म्हणजे हवी. जन्मभर दाढी केल्याशिवाय कचेरीची पायरी चढला नाही हा माणूस. लंडनहून पुतण्याने त्याला बॅजरचा ब्रश पाठवला होता, चांगला महागाचा. दादाची शुश्रूषा करायला एक मुलगा येतो, गुणी आहे. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा पाहिलं, दाढी चालू होती आणि दादाच्या गालावरच्या फेसात ब्रशचे केस चिकटले होते. एक ओठाच्या कोपऱ्यात गेला होता. दादा डाव्या हाताने तो काढू पाहत होता, सापडत नव्हता. बोलता येत नाही, सांगणार कसं? किती दिवस चाललं होतं हे, कोण जाणे.

मी मुलावर खेकसलोच. "अरे, काय करून ठेवलंस ब्रशचं?" तो गोरामोरा झाला. म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना, ब्रश भिजत ठेवत जा म्हणून. मी ठेवतो की रोज, दिवसभर."

बरोबर होतं त्याचं. आधीच्या खेपेला मीच सांगितलं होतं. किती वेळ, ते सांगितलं नव्हतं. पुढे काय करायचं, तेही नाही. इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो, आणि अर्धाच धडा शिकवून गाडी पकडली.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्यांच्याकडे बोअरचं पाणी, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी. त्यातला चुना साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार होतो आणि केसांच्या बुडाशी बसतो. बोटांनी केस फाकवून पाहिले तर पांढरी खपली. वाटीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून पाच-दहा मिनिटं केस बुडवले की ती सुटते, मग साध्या पाण्याने धुवायचं. हे महिन्यातून एकदा. पण मुठीतच सैल झालेल्या ब्रशला त्याचा उपयोग नव्हता.

सूनबाईंचा आक्षेप असा, की ब्रश म्हणजे जंतूंचं घर. अगदीच खोटं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले ब्रश वापरून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. 1920 साली ब्रिटनने जपानहून येणारे दाढीचे ब्रश बंद केले ते त्यामुळेच. पण ते कारखान्यातलं पाप. आपल्या घरातलं पाप म्हणजे ओला ब्रश झाकणाच्या डब्यात किंवा मोरीतल्या कपाटात कोंडणं. साबण पूर्ण जाईपर्यंत धुवावा, हलक्या हाताने पिळावा, झटकावा, पंचावर दोनदा फिरवावा आणि वाऱ्यावर ठेवावा. उलटा टांगा नाहीतर उभा ठेवा, मला दोन्ही चालतं. यावर लोक कशाला भांडतात कळत नाही.

असो. दुसऱ्याच दिवशी बाजारातून नायलॉनचा ब्रश आणला. पुतण्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला, पण कबूल झाला. मुलाला समोर बसवून सगळं करून दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं. खिडकीच्या गजाला तारेचा आकडा केला, त्यात ब्रश अडकवला. दादा पलंगावरून बघत होता. दाढी झाल्यावर त्याने डावा हात गालावरून फिरवला, मग ओठाच्या कोपऱ्यावरून, आणि खिडकीकडे पाहिलं.