चौकीतला प्रश्न

कारवारहून कद्र्याच्या बाजूने घाट चढून अणशीस पोहोचले, म्हणजे जे अरण्य १९८७ साली राष्ट्रीय उद्यान ठरले, २००७ साली दांडेलीसह व्याघ्रप्रकल्पात गेले आणि २०१५ पासून काळी नदीचे नाव धारण करून आहे, त्या अरण्याची राखण मुख्यत्वे पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांच्या व वाचरांच्या, म्हणजे रानाच्या राखणदारांच्या, पायांवर चालते, हे ध्यानात येते. कामाच्या ठिकाणी जिज्ञासा कशी रुजवावी, याविषयी शहरांतील कचेऱ्यांतून हल्ली पुष्कळ व्याख्याने होतात; त्या जिज्ञासेची परीक्षा रानातल्या चौकीवर घ्यावी, असे मला वाटते.

वाघांच्या गणतीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंस, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, दोन कॅमेरे बांधतात. दोन बांधावेत एवढा हुकूम मिळाला तरी काम होते. पण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात आणि एकेक बाजूचीच छायाचित्रे हाती आली तर एकाच वाघाचे दोन वाघ मोजले जाण्याचा संभव असतो, हे ज्या वाचरास कोणी बसवून सांगितले आहे, तो भिंगाआड येणारे गवताचे पाते आपण होऊन खुडतो, वाटेचा उतार पाहून कॅमेरा खालीवर करतो आणि जनावर अमुक वळणावर वाट सोडून ओहोळात उतरते, ही वरिष्ठांच्या नकाशात नसलेली गोष्ट आपल्या तोंडाने सांगतो. कारण कळलेला मनुष्य आणि केवळ हुकूम कळलेला मनुष्य यांच्या कामात हे एवढे अंतर पडते.

याच्या उलट प्रकार राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात घडला. २००४ सालच्या तेथील सरकारी गणतीत पंधराहून अधिक वाघ नोंदलेले होते. पुढल्याच वर्षी तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी व्याघ्र-कृतिदलाने दफ्तर तपासले, तेव्हा क्षेत्रावरच्या कर्मचाऱ्यांना होणारे व्याघ्रदर्शन वर्षानुवर्षे घटत गेले होते, असे दिसून आले. पायी हिंडणाऱ्यांना जे दिसत होते, ते वरच्या आकड्यात उतरले नाही. ज्या खात्यात ‘आढळले नाही’ असे लिहिणे म्हणजे कसूर कबूल करणे ठरते, त्या खात्यात शिकणे बंद पडते आणि अखेरीस वाघ कागदावरच उरतात.

खालच्या माणसांना विचारून शिकण्याचे, २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण मराठी वाचकास मुद्दाम सांगावे असे नाही; तरीही एक गोष्ट पुन्हा सांगतो. कोइंबतूरच्या वनमहाविद्यालयात शिकून आलेला हा अधिकारी महाराष्ट्राच्या वनखात्यात तीन दशके राहिला, आणि हुद्द्याने आपल्याहून कितीतरी खालच्या वनमजुरांपाशी, ढिवरांपाशी, गोंडांपाशी बसून पाखरांची, झाडांची, माशांची नावे विचारीत राहिला. ‘पक्षिकोश’ उभा राहिला तो या विचारण्यातून. विद्वत्तेपेक्षाही त्यांचे हे खाली बसणे मला अधिक दुर्मिळ वाटते. कारण बदलीच्या नोकरीत अंमलदाराने उत्तरे द्यावीत अशीच सर्वांची अपेक्षा असते, त्याने प्रश्न विचारावेत अशी नसते.

अणशीच्या परिसरात असे विचारण्याजोगे पुष्कळ आहे. ज्या तालुक्यातील कुणबी आपल्या परसातले नाना जातींचे कंद दरवर्षी जोयड्याच्या मेळ्यात मांडतात, त्या तालुक्यातला वाचर निरक्षर असला तरी अज्ञ नव्हे. पलीकडे कैग्याच्या अणुवीजकेंद्रातील मंडळी यंत्रांचे काम सांभाळून पक्षिगणनेसाठी रानात उतरतात; कुतूहल हुद्दा पाहून येत नाही, याचा हा जवळचाच दाखला.

म्हणून कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्याही वनाधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की प्रत्येक चौकीच्या रोजनिशीत एक पान वाचराच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावे, तपासणीस येणाऱ्या साहेबाने शेरा मारण्यापूर्वी त्या पानावर उत्तर लिहावे, उत्तर ठाऊक नसल्यास तसे लिहून सही करावी. आणि दफ्तर कन्नडात असले तरी कोंकणी वा मराठी बोलणाऱ्या त्या माणसाचा प्रश्न त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावा.