जुने शिलाई मशीन आणि शौकाचे गिऱ्हाईक

शिलाई हे आपल्याकडे पोटाचे काम मानले जाते, शौकाचे नव्हे. त्यामुळे एखादा निवृत्त नोकरदार किंवा घरची भगिनी "सहज शिकायचे आहे" म्हणून जुने मशीन विचारायला आली की आमच्या दुकानदार बांधवांना हसू येते आणि कोपऱ्यात पडलेला माल आठवतो. बदलापुरात हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे.

कामातून मोकळे झाल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून आम्ही एका ओळखीच्या दुकानातून काळे, पायाने चालवायचे मशीन घेतले. रंग ताजा, सोनेरी वेलबुट्टी चकचकीत, चाकही हलके. घरी उशीचे अभ्रे शिवायला बसलो तर चार बोटे शिवण झाली की टाका सुटे आणि खाली दोऱ्याचा गुंता होई. नवशिक्याला वाटते, चूक आपल्याच हाताची. महिनाभर आम्ही तसेच समजत राहिलो. शेवटी एका कारागिराने शटल काढून दाखविले. आतला गोल मार्ग गंजाने खाल्लेला होता. मशीन पुराच्या पाण्यात राहिले होते आणि वरून फक्त रंग दिलेला होता. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "जुन्या मालाची गॅरंटी कोण देतो?"

गॅरंटी आम्ही मागितलीच नव्हती. ऐब सांगायला हवा होता, इतकेच. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्यांनी विक्रेत्याला विचारला. ही हदीस आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

उल्हास नदीकाठच्या गावांत भिजलेला माल ही नवलाची गोष्ट नाही. जुलै 2005 चा पूर लोक विसरलेले नाहीत, आणि 27 जुलै 2019 रोजी तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. भिजलेले मशीन विकणे हा गुन्हा नव्हे. "हे भिजलेले आहे, शटल बदलावे लागेल" असे सांगून कमी दामात विकावे. त्यात दुकानदाराचे काय जाते?

दुसरी फसगत उल्हासनगरच्या मालात होते. तेथील जीन्सच्या धंद्याने आपल्या कितीतरी कारागिरांना रोजी दिली. वालधुनीच्या प्रदूषणावरून जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्यात आले तेव्हा शिलाईच्या कामालाही झळ पोहोचली. अशा कारखान्यांतली मोठी मशीन बाजारात येतात आणि "मजबूत आहे, घेऊन टाका" म्हणून नवशिक्याच्या गळ्यात मारली जातात. मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारे ते यंत्र. पाय जरा दाबला की कापड हातातून निघून जाते. सुईही वेगळी, घरगुती मशीनची तिला चालत नाही. शिकणाऱ्याला काळे घरगुती मशीनच बरे. त्याचे सुटे भाग लुधियानाहून येतात आणि सहज मिळतात.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. दोरा न घालता चाक हाताने आपल्याकडे फिरवून पाहावे, कोठे अडकते का. सुईचा दांडा बोटांनी हलवावा, खेळत असेल तर मशीन झिजलेले आहे. खालची पट्टी सरकवून गंज पाहावा. मग सुती कापडाची दुहेरी घडी, नंतर चौपदरी घडी शिवून दोन्ही बाजू तपासाव्यात. खाली दोऱ्याच्या कड्या पडल्या तर बहुधा वरचे टेन्शन ढिले असते किंवा दोरा नीट ओवलेला नसतो, त्याला घाबरू नये. शटलचा मार्ग खरवडलेला असेल तर मात्र मशीन तेथेच सोडावे, किंवा नव्या शटलचे पैसे दामातून कापून घ्यावेत. आणि खोबरेल तेल कृपा करून घालू नये. ते आत चिकट होऊन बसते. मशीनचे पातळ तेलच हवे.

आमच्या काही टेलर बांधवांना वाटते की घरोघरी मशीन झाले तर आपले गिऱ्हाईक तुटेल. आम्हाला हे पटत नाही. ज्याने एक अभ्रा सरळ शिवण्यासाठी तीनदा उसवला आहे, तो कुर्त्याच्या शिलाईवरून घासाघीस करीत नाही. शिवाय सुया, बॉबीन, दोरा, अस्तर घ्यायला तो बाजारातच येतो. उलट, खराब मशीनमुळे ज्याचा शौक महिन्यात मेला, तो पुन्हा कोणाच्याच दुकानाची पायरी चढत नाही. दर्जी बांधव आपल्या हुन्नराचे नाते हजरत इद्रीस (अ.स.) यांच्याशी अभिमानाने जोडतात. तो हुन्नर शेजाऱ्याला दोन गोष्टी शिकविल्याने कमी होईल काय?

आमच्या मशीनला नवे शटल बसले आणि टाका सुधारला. मोहल्ल्यातील एक टेलर असरनंतर अर्धा तास शिकवितात आणि पैसे घेत नाहीत, म्हणून त्यांच्या दुकानातले दोरे आम्ही गुंडाळून देतो. अभ्रे झाले, पायजमा झाला. कुर्त्याच्या बगलेचा चौबगला मात्र दोनदा उलटा लागला आहे.