दुनळीची दुसरी नळी

भुईमुगाच्या शेंगा भरूं लागल्या आणि ज्वारी निसवूं लागली, म्हणजे परवानाधारक शेतकऱ्यांच्या कपाटांतील बंदुका बाहेर निघतात. त्यांपैकीं पुष्कळ दुनळी असतात. परवान्यावर त्यांची नोंद 'डी. बी. बी. एल.' ह्या चार अक्षरांनीं केलेली असते. ह्या बंदुकांच्या मालकांस आम्ही एकच प्रश्न विचारूं इच्छितों. आपल्या बंदुकीच्या दोन नळ्यांत फरक काय? बहुधा उत्तर येतें कीं, फरक कसला. एक बार चुकला तर दुसरा हाताशीं असावा, एवढ्यासाठीं दोन नळ्या. हा समज चुकीचा आहे आणि आमच्या मतें धोक्याचाही आहे.

दुनळीच्या दोन नळ्या सहसा सारख्या नसतात. तोंडापाशीं आंतून त्यांना जी आवळण ठेवलेली असते तिला चोक म्हणतात. बारा बोरच्या नळीचा आंतला व्यास सुमारें ०·७२९ इंच. तोंडाशीं तो इंचाच्या चाळीस सहस्रांशांनीं कमी केला तर पूर्ण चोक, वीस सहस्रांशांनीं केला तर अर्धा चोक, आणि मुळींच केला नाहीं तर ती सरळ नळी, म्हणजे सिलिंडर. चाळीस सहस्रांश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, बाजरीच्या दाण्याएवढाही नव्हे. एवढ्यानें काय होतें तें पहा. वीस वारांवर सिलिंडर नळीचे छर्रे सुमारें ३२ इंच व्यासाच्या वर्तुळांत पसरतात, तर पूर्ण चोकाचे सुमारें १६ इंचांत. चाळीस वारांवर तीस इंचांचें वर्तुळ घेतलें, तर त्यांत सिलिंडर नळीचे शेंकडा ४० छर्रे पडतात आणि पूर्ण चोकाचे ७०. न्यूकॅसलच्या पेप नांवाच्या बंदूककारानें १८६६ सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि १८७४ पासून बर्मिंगहॅमच्या ग्रीनरनें ती जगापुढें आणली.

शेजारीं-शेजारीं नळ्या असलेल्या बंदुकींत सामान्यतः उजवी नळी मोकळी व डावी आवळलेली असते. पुढचा चाप उजवी उडवितो, मागचा डावी. वर-खालीं नळ्या असल्या तर खालची मोकळी आणि वरची आवळलेली, असा प्रघात आहे. म्हणजे एका दस्त्यावर दोन बंदुका बसविलेल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास सामान्यतः दोनच हत्यारें बाळगतां येतात, हें ज्यांस खटकतें त्यांनीं आपल्या एका हत्यारांतच दोन आहेत हें आधीं ओळखावें.

आतां खरा धोका कोठें आहे तें सांगतों. राखणीस बसणारे पुष्कळजण एका नळींत गोळी भरतात आणि दुसरींत एल. जी. किंवा एस. जी. चे मोठे छर्रे. (रानडुकरावर बार काढण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें अधिकाऱ्यांची परवानगी आधीं लागते, आणि मोराच्या वाटेस तर कोणीं जाऊंच नये, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे असें आम्ही धरून चालतों.) भरण्याची ही रीत जुनी आहे व ती वाईट नाहीं. परंतु गोळी कोणत्या नळींत घालावी ह्याचा विचार किती जण करतात? चोकासाठीं न घडविलेली भरींव गोळी आवळलेल्या नळींतून सोडली तर नळीचें तोंड फुगतें, प्रसंगीं फाटतें. १८७५ च्या सुमारास इंग्लंडांतील तपासणी-गृहांनीं चोकाच्या नळ्यांवर 'गोळीसाठीं नव्हे' असा ठसा मारण्यास आरंभ केला, तो ह्याच भीतीनें. आजोबांच्या वेळची विलायती बंदूक ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं नळ्यांच्या बुडाशीं तो ठसा आहे कीं काय हें पाहावें. गोळी मोकळ्या नळींत, हा नियम पक्का धरावा. मोठ्या छर्‍यांविषयीं मात्र केवळ चोकाच्या नांवावर भिस्त ठेवूं नये. पूर्ण चोकांतून ते कित्येकदां वेडेवांकडे पडतात आणि अर्ध्या चोकांतून चांगले जमतात.

येथें सिलेक्टरचा प्रश्न येतो. अलीकडे एकच चाप असलेल्या बंदुका घेण्याकडे कल दिसतो. पहिली नळी कोणती उडावी हें ठरविणारा लहानसा खटका तींत बहुधा सुरक्षा-खटक्यावरच बसविलेला असतो. तो डावीकडे सारला म्हणजे एक नळी, उजवीकडे सारला म्हणजे दुसरी. कोणती बाजू कोणत्या नळीची, हें प्रत्येक कारखान्यानें आपापल्या मतीनें ठरविलें आहे. कोठें ठिपके, कोठें अक्षरें. अंधाऱ्या रात्रीं, उसाच्या कडेला, एका हातांत बॅटरी असतां हे ठिपके कोणास दिसणार? त्यांत पुन्हा कित्येक बंदुकींत सुरक्षा-खटका पुढें ढकलल्यावर सिलेक्टर हलतच नाहीं. जनावर समोर आल्यावर नळी बदलूं म्हणणाऱ्यास आधीं बंदूक पुन्हा सुरक्षित करावी लागते, मग खटका सारावा लागतो, मग ती पुन्हा मोकळी करावी लागते. तोंवर डुक्कर शेजाऱ्याच्या शेतांत गेलेलें असतें, किंवा राखणदाराच्या अंगावर आलेलें असतें.

आणखी एक गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. कांहीं एकचापी बंदुकींत पहिल्या बाराच्या धक्क्यानेंच चाप दुसऱ्या नळीवर सरकतो. पहिलें काडतूस दमट निघून बार झालाच नाहीं, तर धक्का नाहीं, आणि धक्का नाहीं म्हणून दुसरी नळीही नाहीं. पावसाळ्यांत माळ्यावर ठेवलेलीं काडतुसें वापरणाऱ्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. दोन चापांच्या बंदुकींत बोट मागच्या चापावर नेलें कीं काम झालें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, शेतकऱ्यास दोन चाप हाच उत्तम सिलेक्टर होय. तो अंधारांतही सांपडतो आणि त्याची किंमतही कमी पडते. निशाणबाजीच्या स्पर्धांत किंवा जाड हातमोजे घालावे लागतात अशा थंड मुलखांत एक चाप सोयीचा असेल. आपली गोष्ट निराळी आहे. ज्यांनीं एकचापी घेतलीच आहे त्यांनीं मोकळ्या बंदुकींत नकली काडतुसें घालून, दिवसा, सिलेक्टरची कोणती बाजू कोणती नळी उडविते हें बोटास पाठ होईपर्यंत पाहावें. बंदूक घेऊन निघतांना तो कोणत्या बाजूस आहे हें चांचपून मगच पाऊल टाकावें.

चोकाचा आंकडा कागदावर सांगून भागत नाहीं. प्रत्येक नळी आपल्या स्वभावाप्रमाणें छर्रे टाकते. ती पारखण्याची रीत सोपी आहे. परवान्याच्या अटी पाहून व पोलिस ठाण्यास कळवून, मागें मातीचें उंच टेकाड असेल अशी जागा निवडावी. वर्तमानपत्रें चिकटवून चार फूट चौरस कागद करावा, चाळीस वार मोजावे, आणि एका नळीनें एक बार काढावा. छर्रे जेथें दाट पडले असतील तो मध्य धरून पंधरा इंचांच्या सुतळीस पेन्सिल बांधून वर्तुळ काढावें व आंतलीं भोंकें मोजावीं. सहा नंबरच्या एक औंस छर्‍यांत सुमारें २७० दाणे असतात. वर्तुळांत १८९ च्या आसपास सांपडले तर ती नळी पूर्ण चोकाची, १०८ च्या आसपास तर सिलिंडर. राखणीस जीं मोठ्या छर्‍यांचीं काडतुसें वापरणार, त्यांचेही दोन-दोन बार निराळ्या कागदांवर, ज्या अंतरावरून बार काढण्याचा प्रसंग येतो त्या अंतरावरून, अवश्य काढून पाहावे.

ह्यावर आक्षेप ठरलेला आहे : काडतुसें महाग, परवान्यावर त्यांची संख्या मोजकी, तीं कागदावर कशीं उडवावीं? लग्नाच्या मांडवांत बार काढतांना हा हिशेब कोणास आठवत नाहीं, आणि तेथें तर माणसांच्या जिवास धोका होईल असा बार काढल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊं शकतात. दहा काडतुसांची ही गुंतवणूक आहे. ती टाळणाऱ्याच्या हातून अर्धमेलें झालेलें डुक्कर उसांत शिरतें, आणि सकाळीं ऊसतोडीस आलेल्या मजुराची त्याच्याशीं गांठ पडते. कायद्यानें पीकसंरक्षणासाठीं पहिल्यानें ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी मिळते. ज्यानें अशी खात्री पटवून ही बंदूक मिळविली त्यानें ती चालविण्याची पात्रताही मिळवावी, ही अपेक्षा जास्त नाहीं.

चोकानें मारा आवळतो, पण दाण्याचा पल्ला त्यानें आंखूड होत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. सहा नंबरचा दाणा सव्वादोनशे वारांच्या आसपास जातो, एस. जी. चा सहाशेंच्या पुढें, आणि गोळी हजार वारांच्याही पुढें. आपल्याकडील शेतें लहान. सहाशें वारांत तीन-चार बांध आणि दोन वस्त्या सहज येतात. बार जमिनीच्या रोखानेंच काढावा. आणि बॅटरीच्या उजेडांत नुसते डोळे चमकले म्हणून चाप ओढूं नये, कारण गाईचे डोळेही चमकतात.

पेचाचे चोक असलेल्या नव्या बंदुका ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं चोक काढून नुसत्या नळींतून बार काढूं नये. आंतले आटे बिघडतात. जुन्या बंदुकींचें घर पुष्कळदां ६५ मिलिमीटरचें असतें. ७० मिलिमीटरचें काडतूस त्यांत विनातक्रार बसतें, कारण छापलेली लांबी उडाल्यानंतरच्या नळकांड्याची असते. उडाल्यावर त्यास उघडण्यास जागा उरत नाहीं आणि दाब वाढतो. तेव्हां काडतुसें घेण्यापूर्वीं बंदूक जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावी, आणि त्याच खेपेस दोन्ही नळ्यांचे चोक विचारून ते परवान्याच्या पुस्तकांत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे, म्हणजे घरांतील दुसऱ्या परवानाधारकासही ते कळतील.