दावा सोडण्याचीही मुभा नाही

वाड्याच्या खटल्यात प्रतिवादी एक दिवस उठून म्हणाला, ‘वाडा तुम्हालाच लखलाभ, मला माझी पडवी पुरे’, तर वादी पेढे वाटेल. चीनच्या भाऊबंदकीत नेमके उलटे आहे. ‘चीनचे खरे सरकार आम्हीच’ हा जुना दावा तैपेईने उद्या कागदोपत्री सोडला, ‘चीनचे प्रजासत्ताक’ या आपल्या देशाच्या नावातून ‘चीन’ काढून टाकले, तर बीजिंग त्याला आनंदाची नव्हे, युद्धाची बातमी समजेल. १४ मार्च २००५ रोजी बीजिंगने फुटीरताविरोधी कायदा केला आणि तैवान वेगळा होऊ लागला तर ‘अशांततामय’ मार्ग वापरण्याची सोय त्यात लिहून ठेवली. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या वादाने घेतलेले हे सर्वांत विचित्र वळण. प्रतिस्पर्ध्याने हक्क सांगत राहावे, यात बीजिंगचे हित आहे आणि त्याने हक्क सोडणे हा गुन्हा आहे.

एका चीनमध्ये अनेक सरकारे असणे ही मुळात १९४९ ची नवलाई नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून तिकडे गेले, तेव्हा मांचुरियात जपान्यांनी मांचुकुओ नावाचे राज्य आधीच थाटले होते. चँग कै-शेक यांचे राष्ट्रवादी सरकार जपानी फौजांपुढे माघार घेत चुंगकिंगला गेले. १९४० मध्ये जपानच्या आशीर्वादाने वांग चिंग-वेई यांनी नानकिंगला आणखी एक सरकार बसवले. त्याचेही नाव ‘चीनचे प्रजासत्ताक’च, आणि झेंडाही तोच, फक्त वर एक पिवळी पट्टी. कोटणीस ज्या आठव्या मार्ग-सेनेत काम करीत होते, ती कम्युनिस्टांची. पण दोन्ही पक्षांच्या जपानविरोधी आघाडीमुळे कागदावर ती चँग यांच्याच राष्ट्रीय सैन्याचा भाग होती. १९४२ च्या डिसेंबरात कोटणीस गेले ते माओंच्या लोकांमध्ये. पण त्या दिवशी ‘चीनचे सरकार कोणते?’ असे विचारले असते, तर उत्तर तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरले असते.

१९४९ मध्ये हाच प्रश्न जगातल्या प्रत्येक परराष्ट्र कचेरीच्या टेबलावर आला. एप्रिलमध्ये कम्युनिस्ट फौजा नानकिंगमध्ये शिरल्या आणि राष्ट्रवादी सरकार कँटनला हलले. बहुतेक परदेशी राजदूत त्याच्यामागे गेले नाहीत. अमेरिकेचा राजदूतही नानकिंगलाच थांबला, तर कम्युनिस्टांचा पाठीराखा समजल्या जाणाऱ्या सोव्हिएत संघाचा राजदूत मात्र चँग यांच्या सरकारमागे कँटनला गेला! भारताचे सरदार के. एम. पणिक्कर नानकिंगला राहिले. १ ऑक्टोबरला माओंनी बीजिंगमध्ये नवे राज्य जाहीर केले. १० डिसेंबरला चँग विमानाने तैवानला गेले. भारताने ३० डिसेंबरला नव्या सरकारला मान्यता दिली आणि राष्ट्रवाद्यांच्या दरबारी भारताची वकिली करणारे तेच पणिक्कर पुढच्या वर्षी माओंच्या बीजिंगमध्ये राजदूत म्हणून रुजू झाले.

मान्यता ही तत्त्वाची गोष्ट आहे असे भाषणांत म्हणतात. व्यवहारात ती किती कोरडी, तारखेवर चालणारी गोष्ट आहे, हे हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरच्या ७१ विमानांनी दाखवून दिले. नोव्हेंबर १९४९ मध्ये चीनच्या दोन सरकारी विमान कंपन्यांचे प्रमुख माओंच्या बाजूला गेले. बारा विमाने उडून मुख्य भूमीवर पोहोचली, उरलेली ७१ हाँगकाँगलाच अडकली. माओ म्हणाले, ती आमची. चँग यांच्या सरकारने डिसेंबरच्या मध्यास ती घाईघाईने अमेरिकी जनरल क्लेअर शेनॉल्ट आणि त्यांच्या भागीदाराला विकून टाकली. ६ जानेवारी १९५० ला ब्रिटनने माओंच्या सरकारला मान्यता दिली. हाँगकाँगच्या न्यायालयांनी बीजिंगच्या बाजूने कौल दिला. पण १९५२ च्या जुलैमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांपैकी चाळीस विमानांच्या दाव्यात तो फिरवला. विक्री झाली त्या दिवशी ब्रिटनच्या लेखी चीनचे कायदेशीर सरकार चँग यांचेच होते, आणि नंतर दिलेली मान्यता मागे जाऊन तो व्यवहार रद्द करू शकत नाही, हा त्यामागचा विचार. विक्रीनंतर मान्यतेला लागलेल्या त्या तीन-चार आठवड्यांवर विमानांचा मालक ठरला. चीनच्या साठ कोटी लोकांचा त्यात काही संबंध नव्हता.

याच्या उलट अंगाने क्योतोतला खटला पाहावा. चिनी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाच्या मालकीसाठी तैपेईने १९६७ मध्ये जपानी न्यायालयात दावा लावला. १९७२ मध्ये जपानने मान्यता बीजिंगकडे वळवली. खटला मात्र चालूच राहिला, आणि जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो २००७ मध्ये, चाळीस वर्षांनी. निकाल असा, की दाव्यातला वादी हा ‘चीन’ हा देश असून १९७२ पासून त्याच्या वतीने बोलण्याचा तैपेईला अधिकारच उरला नव्हता. म्हणजे दावा लावणाऱ्यालाच सांगितले गेले, की दावा तुझा नव्हेच.

तैवान बेटाची गोष्ट आणखी धूसर. १८९५ च्या शिमोनोसेकी तहात चिंग राजवटीने ते जपानला दिले होते. १९४३ च्या कैरो घोषणेत ते चीनच्या प्रजासत्ताकाला परत देण्याचे ठरले आणि १९४५ मध्ये चँग यांच्या अधिकाऱ्यांनी ताबा घेतला. पण सॅन फ्रान्सिस्कोला १९५१ मध्ये जपानशी शांतता करार झाला, तेव्हा दोन्ही चिनी सरकारांपैकी एकालाही बोलावले नव्हते, कारण ब्रिटन एकाला मानत होते आणि अमेरिका दुसऱ्याला. करारात जपानने तैवानवरचा हक्क सोडला. कोणाकडे दिला, ती जागा कोरीच राहिली. या कोऱ्या जागेवर आजही आंतरराष्ट्रीय कायद्याचे पंडित भांडतात. बीजिंगच्या बाजूलाही वजन आहे. जपानने हिसकावलेला प्रदेश परत यायचा होता, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण परत यायचा होता तो कोणाच्या चीनकडे? आणि बीजिंगच्या आजच्या राजवटीने तैवानवर एक दिवसही राज्य केलेले नाही, हेही तितकेच खरे.

संयुक्त राष्ट्रांतला तमाशा बावीस वर्षे चालला. सुरक्षा परिषदेतली चीनची कायम जागा चँग यांच्या प्रतिनिधीकडे आहे, याचा निषेध म्हणून १९५० च्या जानेवारीत सोव्हिएत प्रतिनिधी उठून गेला. त्यामुळे जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले तेव्हा नकाराधिकार वापरायला तो खोलीतच नव्हता, आणि उत्तर कोरियाविरुद्धचे ठराव बिनघोर पास झाले. भारत मात्र जागा बीजिंगला मिळावी म्हणून भांडत राहिला, आणि १९६२ च्या युद्धानंतरही त्याने ही भूमिका सोडली नाही. याला भाबडेपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. पण जगातल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या वतीने बेटावरून बोलणाऱ्या सरकारला कायम जागेवर बसवणे ही थट्टाच होती, आणि ती थट्टा म्हणण्याइतका स्पष्टपणा दिल्लीने दाखवला, हे तिच्या खाती जमाच धरायला हवे.

२५ ऑक्टोबर १९७१ ला महासभेने ठराव क्रमांक २७५८ मंजूर केला. बाजूने ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. अमेरिकेचे प्रतिनिधी थोरले जॉर्ज बुश दोन्ही सरकारांना जागा द्या म्हणून धडपडत होते, आणि त्याच आठवड्यात त्यांच्याच सरकारचे दूत किसिंजर बीजिंगमध्ये पाहुणचार घेत होते. तैपेईचे परराष्ट्रमंत्री शेवटच्या मतदानाआधीच सभागृह सोडून गेले. या ठरावाचा आज बीजिंग जो अर्थ लावते, तो मूळ मजकुरात सापडत नाही. ठरावात ‘चँग कै-शेक यांच्या प्रतिनिधींना’ बाहेर काढले आहे. ‘तैवान’ हे नाव त्यात एकदाही येत नाही. चीनच्या खुर्चीवर कोणी बसावे, एवढेच तिथे ठरले. बेट कोणाचे, हे ठरले नाही. गंमत म्हणजे सनदेच्या २३ व्या कलमात कायम सदस्याचे नाव अजूनही ‘चीनचे प्रजासत्ताक’ असेच छापलेले आहे.

बाहेरच्या मान्यतेची ही झटापट चालू असताना तैपेईत घरातल्या मान्यतेचे काय चालले होते? फेब्रुवारी १९४७ मध्ये राष्ट्रवादी प्रशासनाविरुद्ध उठलेल्या स्थानिक जनतेची हजारोंनी कत्तल झाली. मे १९४९ मध्ये लागलेला लष्करी कायदा उठला तो जुलै १९८७ मध्ये. आणि संसद! १९४७-४८ मध्ये मुख्य भूमीवर निवडून आलेले सभासद चँग यांच्याबरोबर बेटावर आले. त्यांचे मतदारसंघ आता माओंच्या ताब्यात, तेव्हा नव्या निवडणुका घ्यायच्या कशा? मग १९५४ मध्ये घटनापीठाने सांगितले, जुनेच चालू ठेवा. तीन वर्षांसाठी निवडून आलेले आमदार चार दशके खुर्चीत राहिले. म्हातारे झाले, चाकाच्या खुर्चीतून मतदानाला येऊ लागले. लोक त्याला दहा हजार वर्षांची संसद म्हणत. ज्या प्रांतांत पाऊलही ठेवता येत नव्हते, त्यांचे प्रतिनिधी त्या बेटाचे कायदे करीत होते. सगळ्या चीनचे सरकार असल्याचा आव टिकवायचा, तर बेटावरच्या लोकांना सगळी संसद निवडू देणे परवडत नव्हते. दाव्याची किंमत तैवानी माणसाने मोजली ती अशी.

हा आव फुटायला १९९१ उजाडले. आदल्या वर्षी न्यायालयाने म्हाताऱ्या सभासदांना १९९१ संपण्याच्या आत निवृत्त व्हायला सांगितले होते. राष्ट्राध्यक्ष ली तंग-हुई यांनी जाहीर केल्याप्रमाणे १ मे १९९१ ला ‘कम्युनिस्ट बंडखोरीचा काळ’ संपला. बीजिंगला बंडखोर म्हणणे तैपेईने त्या दिवशी सोडले. १९९६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली. बीजिंगने बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली, तरी ली ५४ टक्के मतांनी निवडून आले. वैधतेचा मूळ प्रश्न खरे तर तिथेच बदलला. ‘चीनवर राज्य करण्याचा हक्क कोणाचा?’ हा वाद मागे पडला. ‘या बेटावरच्या दोन कोटी तीस लाखांवर त्यांना न विचारता कोणी राज्य करू शकते का?’ हा नवा वाद उभा राहिला. बोलली जाते ती भाषा मात्र अजून पहिल्याच वादाची.

आणि जुन्या वादातले नकाशे? ते दोघांचे जवळपास एकच. दक्षिण चिनी समुद्रावर आज बीजिंग जी तुटक रेषा ओढते, तिचा मूळ नकाशा १९४७ मध्ये राष्ट्रवादी सरकारनेच छापला होता. १९५५ मध्ये मंगोलियाला संयुक्त राष्ट्रांत यायचे होते, तेव्हा तो आमचा प्रांत आहे म्हणून तैपेईनेच नकाराधिकार वापरला. मंगोलिया-तिबेट व्यवहारांचा आयोग तैपेईत २०१७ पर्यंत अस्तित्वात होता. आणि भारत-चीन सीमेवरची मॅकमहोन रेषा चँग यांच्या सरकारनेही कधी मान्य केली नाही. बीजिंगवरच्या रागापोटी तैपेईचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडच्या उत्साही मंडळींना ही माहिती सहसा नसते.

मान्यतेचा बाजार आता बारीक झाला आहे. नाउरूने १९८० मध्ये तैपेईला, २००२ मध्ये बीजिंगला, २००५ मध्ये पुन्हा तैपेईला आणि जानेवारी २०२४ मध्ये परत बीजिंगला मानले. त्यानंतर तैपेईकडे व्हॅटिकन धरून बारा राष्ट्रे उरली. बाकीचे जग टोपणनावांवर भागवते. ऑलिंपिकमध्ये ‘चायनीज तैपेई’, जागतिक व्यापार संघटनेत ‘तैवान, पेंघू, किन्मेन आणि मात्सू यांचे स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र’. २०१५ मध्ये सिंगापूरला शी जिनपिंग आणि मा यिंग-ज्यू भेटले, तेव्हा एकमेकांना ‘राष्ट्राध्यक्ष’ न म्हणता नुसते ‘श्रीयुत’ म्हणाले आणि जेवणाचे बिलही निम्मेनिम्मे भरले.

भारताचे वागणे यात इतरांपेक्षा फार वेगळे नाही. १९९५ पासून दिल्ली आणि तैपेईत दूतावास नसलेले दूतावास आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतही तैपेईचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र उघडले आणि बीजिंगने अपेक्षेप्रमाणे नाराजी नोंदवली. २०१० पासून संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’ हे शब्द लिहिणे दिल्लीने थांबवले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सामुद्रधुनीत तणाव वाढला, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने एकतर्फी बदल टाळा एवढे म्हटले, आणि भारताची धोरणे सर्वांना ठाऊक आहेत, ती पुन्हा सांगण्याची गरज नाही, अशी पुस्ती जोडली. चतुर वाक्य. पण ते पुरेसे नाही. १९४९ मध्ये दिल्लीने ‘जिथे सत्ता आणि लोक, तिथे सरकार’ हा निकष लावून बीजिंगला मानले होते. तोच निकष आज बेटाला लावला, तर बेटाच्या भवितव्याचा निर्णय तिथल्या लोकांच्या संमतीशिवाय आणि बळाने होऊ नये, इतके तरी स्वच्छ शब्दांत म्हणता येते. त्यासाठी तैवानला स्वतंत्र देश मानण्याची गरज नाही.

मात्र मग तैपेईलाही एक प्रश्न विचारायला हवा. मुंबईतल्या त्या केंद्रात चिप्स, गुंतवणूक आणि कामगारांच्या करारांच्या गप्पा होतात. तिथे कधीतरी नकाशाही टेबलावर ठेवावा. मॅकमहोन रेषा तुम्ही मानता का? ‘मानतो’ म्हटले तर चीनच्या सीमेबद्दल बोलण्याचा हक्क अजून आपलाच असल्याचे तैपेईने कबूल केल्यासारखे होईल. ‘ती सीमा आमची नव्हेच, बीजिंगला विचारा’ म्हटले तर २००५ चा कायदा हाती घेऊन बसलेल्यांना तेवढेही पुरेल. त्यामुळे केंद्रातले अधिकारी बहुधा चहा पुढे करतील आणि विषय सेमीकंडक्टरकडे वळवतील.