फावल्या वेळाची कला

कलानिर्मितीविषयी बोलताना मराठी माणूस कोणते शब्द वापरतो ते एकदा पाहण्यासारखे आहे. साधना, तपश्चर्या, एकांत, तंद्री, समाधी. हे सगळे शब्द संसाराबाहेर पडलेल्या माणसाच्या कोशातले आहेत. भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणारे तुकोबा आपल्या मनावर कायमचे ठसले आहेत. मागे घरात मुलाबाळांचे पाहणारी आवली मात्र आपल्याला आठवते ती कजाग म्हणून. तुकोबांच्या थोरवीला यामुळे काही बाधा येत नाही. पण कलावंताला एकांत लागतो ही समजूत आपल्यात किती खोल रुजली आहे आणि त्या एकांताचा खर्च कोण उचलतो याचा विचार आपण किती कमी करतो, हे यावरून ध्यानात यावे.

पश्चिमेतही ही समजूत निराळी नाही. दिवाणखान्याबाहेरच्या वाटेत बाबागाडी उभी राहिली की चांगल्या कलेचा शत्रू घरात आलाच, अशा आशयाचे विधान सिरिल कॉनली या इंग्रज समीक्षकाने 1938 साली केले आणि ते आजतागायत उद्धृत होत असते. त्याच्या नऊ वर्षे आधी व्हर्जिनिया वुल्फने स्त्रीला लिहायचे असेल तर स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न हवे असे बजावले होते. दोन्ही विधाने एकाच वास्तवाकडे बोट दाखवतात, पण वुल्फची ती मागणी आहे आणि कॉनलीचा तो निवाडा आहे. मागणी आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. निवाड्याविषयी मात्र आमचे काही म्हणणे आहे.

आम्ही दोघी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघींच्याही घरी मुले आहेत. एकीची आता हाताखाली येण्याजोगी, दुसरीची अजून लहान. एकीला शिवणाचा नाद आहे, दुसरीला कागदाच्या लगद्याच्या वस्तू करण्याचा. हे सांगण्याचे कारण एवढेच की पुढील विवेचन केवळ पुस्तकी नाही.

अखंड वेळ आणि एकांत या कलेच्या अपरिहार्य अटी मानल्या, तर मराठी घरांत शतकानुशतके जे निर्माण झाले त्यातील बहुतांश भाग कलेच्या व्याख्येबाहेर जातो. जात्यावरची ओवी घ्या. पहाटेचा अंधार, समोर पीठ पडते आहे, एक मूल मांडीवर नाहीतर शेजारी वाकळीत, आणि हात खुंट्यावर. या अवस्थेत जी रचना सुचेल ती कशी असेल? ती आखूड असेल, स्वतःपुरती पूर्ण असेल, मधेच सोडता येईल आणि पुन्हा धरता येईल. मूल रडले म्हणून एक ओवी तुटली तरी आधीच्या ओवीचे काही बिघडत नाही. पुढची ओवी नव्या संबोधनाने सुरू होऊ शकते. हा अडथळ्यांत टिकून राहणारा रचनाबंध आहे. आम्ही वर्गात ओवीचे चरण मोजायला शिकवतो, यमके दाखवतो, पण हा छंद कोणत्या प्रकारच्या वेळेतून घडला हा प्रश्न अभ्यासक्रमात सहसा येत नाही.

गोधडीचेही तेच. जुने लुगडे, विटलेले धोतर, मुलांचे अपुरे झालेले कपडे यांचे थर लावायचे आणि धावदोऱ्याने कडेपासून आत यायचे. मूल झोपले की दोन ओळी घालायच्या, उठले की सुई कापडात खोचून उठायचे. चार महिने लागोत नाहीतर सहा, गोधडीला घाई नसते. कुठे थांबलो होतो हे आठवावे लागत नाही, कारण शेवटचा टाका ते सांगतो. बाळंतविड्यातली दुपटी, कुंच्या, टोपडी यांची कथा याहून वेगळी नाही. पोरांच्या धबडग्यात जगू शकणाऱ्या कलांचे काही समान गुण यावरून सांगता येतात: साहित्य हाताशी असलेले, एकक लहान, थांबण्याची जागा कोठेही, आणि डोळे मुलावर असतानाही हाताला चालू ठेवता येईल अशी क्रिया.

समीक्षेने या गुणांना गुण म्हटले नाही. तिने त्यांच्यासाठी वेगळी नावे शोधली: हस्तकला, घरगुती, छंद, आणि सर्वांत दुष्ट नाव म्हणजे ‘फावल्या वेळातले’. लहान मुलाच्या आईला फावला वेळ असतो ही कल्पना ज्याने प्रथम रूढ केली त्याने एक दुपार तिच्या जागी काढायला हवी होती. जो वेळ तिने झोपेतून, जेवणातून, दुपारच्या दोन घटकांतून खणून काढला, त्याला ‘फावला’ म्हणणे ही भाषेने केलेली चोरी आहे.

नाव बदलले की वस्तूचे स्थान कसे बदलते याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. चित्रकार सोनिया देलोने हिने 1911 साली पॅरिसमध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी, शार्लसाठी, कापडाच्या तुकड्यांचे एक पांघरूण शिवले. युक्रेनमधल्या शेतकऱ्यांच्या घरांत पाहिलेल्या पांघरुणांची आठवण तिच्या मनात होती. पांघरूण तयार झाल्यावर रंगांचे तुकडे एकमेकांशेजारी काय करतात ते तिला आणि तिच्या वर्तुळातल्या लोकांना दिसले, आणि तिच्या अमूर्त चित्रांची वाट तेथून मोकळी झाली. ते पांघरूण आज पॅरिसच्या आधुनिक कलासंग्रहालयाचा ठेवा आहे. आमच्या आज्यांच्या गोधड्या माळ्यावर आहेत, किंवा फाटल्यावर पायपुसणी झाल्या. दोन्हींच्या दर्जात फरक नसेलच असे आम्ही म्हणत नाही. तो फरक तपासण्याची वेळच कोणावर आली नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरे उदाहरण रूथ असावा (1926–2013) या जपानी वंशाच्या अमेरिकन शिल्पकर्तीचे. 1947 साली मेक्सिकोतील टोलुका येथे तिने तारेच्या टोपल्या विणण्याची रीत पाहिली आणि त्याच रीतीने छतापासून लोंबणारी, आतबाहेर एकच होऊन गेलेली तारेची शिल्पे ती विणू लागली. तिला सहा मुले होती आणि काम घरातच चाले. तार विणणे हे गोधडीसारखेच काम. कोठेही थांबा, कोठूनही उचला. इमोजेन कनिंगहॅमने काढलेल्या छायाचित्रांत ती विणते आहे आणि मुले भोवती आपापल्या उद्योगात आहेत असे दिसते. पुढे 1968 साली तिने मुलांच्या शाळेत कलावंत-पालकांनी शिकवण्याचा उपक्रम उभारला. तेथे मुले पीठ, मीठ आणि पाणी कालवून मूर्ती करीत. याच पिठाच्या मूर्तींवरून ओतलेल्या ब्राँझचे तिचे कारंजे 1973 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या भर चौकात आहे. घरातल्या परातीतून निघालेले तंत्र सार्वजनिक शिल्पापर्यंत गेले. मुलांमुळे हिची कला अडली की मुलांमुळे तिला वाट मिळाली, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही, आणि ते तसे देऊही नये.

येथवर आमच्या दोघींचे एकमत आहे. पुढच्या मुद्द्यावर मात्र आमच्यात बरीच वादावादी झाली. अडथळ्यांतून रूप घेणाऱ्या कलेचे असे कौतुक करीत गेलो तर अडथळ्यांचेच कौतुक होत नाही काय? जाते गेले, पिठाची गिरणी आली, ओवी मागे पडली. म्हणून जाते परत आणा असे कोणती बाई म्हणेल? पहाटे उठून दळणे हे कष्टच होते. त्या कष्टांतून काव्य निपजले हे काव्याचे मोठेपण आहे, कष्टांचे नव्हे. शिवाय तुकड्यातुकड्यांच्या वेळेत ओवी होते, गोधडी होते, पण कादंबरी, प्रबंध, मोठे भित्तिचित्र यांचे काय? लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला 1934 साली, वयाच्या सहासष्टीत. अशी किती पुस्तके सहासष्टीपर्यंत पोचलीच नसतील?

आकडे पाहिले तर हा प्रश्न जुना झालेला नाही हे कळते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. मुलाबाळांची आणि आजाऱ्यांची देखभाल याखेरीज. रोज दोनशे मिनिटांचा हा फरक आहे. दोनशे मिनिटांत काय होते ते ज्याने कधी चित्र काढले आहे किंवा लेख लिहिला आहे त्याला सांगायला नको.

तेव्हा आमची भूमिका अशी ठरली. अडथळ्यांतली कला ही कलाच आहे, तिला सवलतीचे गुण नकोत. आणि अडथळे हे अन्यायच आहेत, त्यांना कलेचे श्रेय नको. या दोन गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात.

आता वर्तमानाकडे वळू. आज लहान मुलांच्या घरात हातकामाला तोटा नाही. शाळेतून प्रकल्प येतात, टाकाऊतून टिकाऊच्या स्पर्धा येतात, आदल्या रात्री नऊ वाजता कोरुगेटेड कागद आणि फेव्हिकॉल आणायला धावावे लागते. मूल झोपी जाते आणि आई रात्री बारापर्यंत सूर्यमाला चिकटवीत बसते. ही सूर्यमाला धड मुलाची नाही, धड आईची नाही. ती शाळेच्या प्रदर्शनातल्या टेबलाची आहे. या उद्योगाला सर्जनशीलता म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही त्याला गृहपाठ म्हणतो, तोही दुसऱ्याचा.

यासाठी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात असे आम्हाला वाटते. मुलासाठी केलेले काम, मुलासोबत केलेले काम आणि मुलाच्या शेजारी बसून केलेले स्वतःचे काम. पहिल्याला समाज वाखाणतो, दुसऱ्याला शिक्षणतज्ज्ञ वाखाणतात. तिसऱ्याची मात्र लाज वाटावी अशी व्यवस्था आहे. मूल जमिनीवर खेळते आहे आणि आई त्याच्याकडे न पाहता आपल्या चौकटीतल्या टाक्यांत गढली आहे, हे दृश्य पाहणाऱ्याला ती आई थोडी कमी पडली असेच वाटते. बाप वर्तमानपत्रात गढला असेल तर त्याला कोणी काही म्हणत नाही.

आमच्या मते हे तिसरे कामच सर्वांत मोलाचे आहे, आणि केवळ आईसाठी नव्हे. मोठे माणूस एखाद्या गोष्टीत रमते म्हणजे काय, चुकले की उसवते कसे, पुन्हा घालते कसे, हे मुलाला दुसरीकडे कोठे पाहायला मिळणार? बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता रचलेली त्यांची गाणी टिपून ठेवली ती मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने. 1952 साली ती पुस्तकरूपाने आली आणि मराठी कवितेच्या इतिहासाला आपली मांडणी बदलावी लागली. या कथेतला मुलगा आपण नेहमी संग्राहक म्हणून पाहतो. तो त्याआधी श्रोता होता. आईचे लक्ष आपल्यावर नसून गाण्यावर आहे असे कितीतरी क्षण त्याने अनुभवले असणार. मूल हा कलेतला अडथळा असतो, पण ते तिचे पहिले साक्षीदारही असू शकते.

मग करावे काय? भाबड्या सूचना आम्ही करणार नाही. पहिली गोष्ट घरातली. ‘मदत’ हा शब्द बापांनी सोडून द्यावा. आपल्याच मुलांना सांभाळणे ही कोणाला केलेली मदत नसते. आठवड्यातून दोन संध्याकाळी घर पूर्णपणे त्याच्याकडे असावे, आणि त्या वेळी बाईने भाजी निवडू नये. दुसरी गोष्ट सार्वजनिक. 2017 च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आपले साहित्यमेळावे, कार्यशाळा, चित्रप्रदर्शने, ग्रंथालये या सोयीचा विचार करतात काय? कविसंमेलन रात्री साडेआठला ठेवायचे आणि कवयित्री कमी का असे विचारायचे, हे आता थांबावे.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या क्षेत्रातली, समीक्षेची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि गाणाऱ्या बायांची नावे नोंदवून ठेवली. ‘अनामिक लोकप्रतिभा’ हा आपला लाडका शब्दप्रयोग त्यांनी निरुपयोगी करून टाकला. त्याच रीतीने कोणत्याही कलाकृतीबद्दल तिच्या वेळेचा हिशेब विचारायला हरकत नसावी. इंदिरा संतांच्या कवितेवर एवढे लिहिले गेले. 1946 साली पती गेले, तीन मुले, बेळगावातली नोकरी आणि 1951 साली ‘शेला’. विरहाची चिकित्सा सगळ्यांनी केली. त्या कविता दिवसाच्या कोणत्या वेळी लिहिल्या जात असतील असे विचारणे मात्र समीक्षेला हलके वाटत आले. ते हलके नाही. आणि हाच प्रश्न पुरुष लेखकांनाही विचारावा. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत पत्नीचे आभार मानलेले असतात, तेथूनच सुरुवात करता येईल.

तोवर ज्यांच्या घरात लहान मुले आहेत आणि कपाटात अर्धवट राहिलेले काही आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच की ते बाहेर काढावे आणि मुलांदेखतच करीत बसावे. सुई उंच ठेवावी, रंग धुता येतील असे घ्यावेत. कोणी विचारले तर फावला वेळ आहे असे मात्र सांगू नये.